शिकवले किती, शिकले किती?



व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले तेव्हा त्यांना वाटले होते की हा युनियनचा मनुष्य एखाद्या संपाचा इतिहास सांगेल. कारखान्यातल्या शिक्षणाविषयी, आणि त्या शिक्षणाचा उपयोग कसा मोजतात ह्याविषयी बोलणार असे मी सांगितले, तेव्हा त्यांचे चेहरे थोडे उतरले. विषय रूक्ष आहे खरा. पण माझी समजूत अशी की मोजपट्टी ज्याच्या हातात असते त्याच्या हातात निम्मा करार असतो. म्हणून हा विषय पंडितांवर सोडून देणे कामगाराला परवडत नाही. मी पंडित नाही. माझी शाळा दहावीला संपली. पुढले जे काही शिक्षण झाले ते लेथवर, आणि नंतर युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मी ह्या भानगडीत पडलो त्याचे कारण एक कराराची बैठक. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कामगारांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एका हॉटेलच्या हॉलमध्ये थंडगार हवेत माणसे बसवली, पडद्यावर चित्रे दाखवली, दुपारी जेवण उत्तम. शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कागद आला : वर्ग आवडला का, शिकवणाऱ्याचा आवाज ऐकू येत होता का, जेवण कसे होते, एक ते पाचपैकी गुण द्या. आमच्या लोकांनी मोकळ्या मनाने पाच-पाच गुण दिले. आयुष्यभर डबा खाणाऱ्या माणसाला कोणी मानाने ताट वाढले तर तो तीन गुण कसे देईल? पुढे करार आला. व्यवस्थापनाने मांडले की प्रशिक्षण पूर्ण यशस्वी झाले आहे, तेव्हा माणशी उत्पादनाचा आकडा वाढवून मागण्यास हरकत नसावी. मी विचारले, यशस्वी झाले हे कशावरून? त्यांनी त्या कागदांची फाईल पुढे सरकवली. सह्या आमच्याच माणसांच्या. त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी जे वाचत गेलो, त्यातून आजचा हा निबंध निघाला आहे.

गोष्ट सुरू करावी लागते अमेरिकेत, १९४० सालच्या उन्हाळ्यात. जूनमध्ये फ्रान्स पडला होता. अमेरिका युद्धात उतरली नव्हती, परंतु तोफा, विमाने, जहाजे ह्यांच्या मागण्या येऊन धडकल्या होत्या. यंत्रे होती, कच्चा माल होता, पण कसबी माणूस नव्हता. ऑगस्ट १९४० मध्ये तिथल्या सरकारने उद्योगांतर्गत प्रशिक्षणासाठी एक स्वतंत्र सेवा काढली. तिचे इंग्रजी नाव ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, आणि सगळे जग तिला टी. डब्ल्यू. आय. म्हणून ओळखते. प्रमुख होते चॅनिंग डूली, तेलाच्या धंद्यातून आलेले. त्यांच्या जोडीला वॉल्टर डीट्झ, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले.

पहिलाच प्रश्न आला तो भिंगांचा. तोफांच्या दुर्बिणींना भिंगे लागत, आणि भिंग घासून तयार करणारे साडेतीनशे कारागीर तातडीने हवे होते. असा कारागीर तयार व्हायला पाच वर्षे लागतात, असे त्या धंद्यातले लोक सांगत. ह्या मंडळींनी कारागिराच्या शेजारी बसून त्याचे काम पाहिले. तेव्हा दिसले की ‘भिंग घासणे’ म्हणून जे एक काम समजले जाते, त्यात निरनिराळी वीसएक कामे आहेत. त्यांतली चौदा कामे थोड्या शिकवणुकीने दुसऱ्यालाही करता येतील. खरे मुरलेले कसब लागते ते उरलेल्या सहांना. कामे वाटून टाकली आणि शिकवण्याची रीत बसवली. पाच वर्षांची मुदत पुढे दोन महिन्यांवर आली.

हा प्रसंग प्रशिक्षणाच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने येतो, आणि कौतुक योग्यच आहे. पण युनियनच्या माणसाला त्यात दुसरेही काही दिसते. शिकवण्याची रीत सुधारली ही एक गोष्ट, आणि कसब फोडून त्याचे तुकडे केले ही दुसरी. पाच वर्षांत जो माणूस तयार होई तो कुठल्याही कारखान्यात जाऊन आपला दर सांगू शके. दोन महिन्यांत तयार झालेला एकाच खात्याच्या एकाच यंत्राचा. ‘मुदत किती घटली’ एवढेच मोजले तर ह्या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. युद्ध चालू असताना असे करणे भागच होते, हे मी मान्य करतो. परंतु आकड्यापाठीमागे काय झाले ते विसरू नये.

शिकवण्याच्या रीतीचे मूळ आणखी मागे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जहाजबांधणीच्या गोद्यांत हजारो नवखी माणसे भरावी लागली, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या धंदेशिक्षण देणाऱ्या गृहस्थाने चार पायऱ्यांची पद्धत बसवली : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि शेवटी तपासणे. १९१९ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. टी. डब्ल्यू. आय.ने ह्याच पायऱ्या थोड्या बदलून घेतल्या. त्यातली चौथी पायरी महत्त्वाची : माणसाला कामावर एकटे सोडा, पण पुन्हा पुन्हा जाऊन पाहा.

त्यांचा वर्ग कसा चाले ते सांगतो, कारण तो मला फार आवडतो. दहाएक फोरमन बसलेले. दोन-दोन तासांचे पाच वर्ग, एकूण दहा तास. शिक्षक विजेच्या दिव्याच्या तारेला मारायची एक विशिष्ट गाठ घेई. प्रथम ती कशी मारायची ते तो नुसत्या शब्दांत सांगे : डावे टोक असे घ्या, उजवे मागून आणा. मग कोणाला तरी म्हणे, मारा पाहू. त्याला येत नसे. मग तो काही न बोलता गाठ मारून दाखवी आणि दुसऱ्याला म्हणे, आता तुम्ही मारा. त्यालाही येत नसे. वीस-वीस वर्षे लोखंडात घालवलेली माणसे एका दोरीच्या गाठीपुढे घामाघूम होत. आणि मग तो चार पायऱ्यांनी, एकेक मुद्दा सांगत, का ते समजावत, हातात तार देऊन शिकवी. गाठ पडे. नवा पोऱ्या शिकत नाही म्हणून त्याला ‘मठ्ठ’ म्हणणारा फोरमन त्या क्षणी खाली मान घालत असला पाहिजे. कामगार शिकला नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा, हे त्या मंडळींचे सूत्र होते. आमच्या गिरण्यांतून आणि कारखान्यांतून हे सूत्र कोणी भिंतीवर लिहिले असते तर किती मुकादमांनी ते पुसले असते, कोण जाणे! मुंबईच्या गिरणीत नवा मुलगा साच्यावर शिके तो नात्यागोत्याच्या माणसाशेजारी उभा राहून, बदलीची वाट पाहत आणि जॉबरची मर्जी सांभाळत. तेही शिक्षणच होते. पण त्याची फी कोणत्या खात्यात पडे, ते जुन्या गिरणीकामगाराला विचारावे.

असो. युद्ध संपले तेव्हा ह्या सेवेने हिशेब दिला. १६,५११ ठिकाणच्या १७,५०,६५० लोकांना प्रमाणपत्रे दिली गेली होती. त्यांतले १०,०५,१७० काम शिकवण्याच्या वर्गातले, ४,९०,०२२ माणसांशी वागण्याच्या वर्गातले, आणि २,४४,७७३ कामाच्या पद्धती सुधारण्याच्या वर्गातले. आमच्या दृष्टीने एक बारीकसा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे : ८,८५६ प्रमाणपत्रे युनियनच्या प्रतिनिधींसाठी काढलेल्या खास वर्गातली होती. साडेसतरा लाखांत नऊ हजारही नाहीत. तरी सरकारने युनियनच्या माणसालाही शिकवण्यालायक समजले, हे काही कमी नाही.

पण प्रमाणपत्र म्हणजे काय? दहा तास बसल्याची पावती. डूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे कळत होते, आणि इथे त्यांचा मोठेपणा मानला पाहिजे. पावत्या मोजून ते थांबले नाहीत. १९४३ च्या मेपासून त्यांनी कारखान्यांकडून वेळोवेळी माहिती मागवली की ह्या वर्गांचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला. कसोटी अशी ठेवली की निदान २५ टक्के सुधारणा झाली असेल तरच ती धरायची. पहिल्या खेपेला १०० पैकी ३७ कारखान्यांनी सांगितले की उत्पादन इतके वाढले. सप्टेंबर १९४५ च्या शेवटच्या खेपेला ८६ नी. शिकवण्याचा वेळ निदान चतुर्थांशाने कमी झाला असे सांगणारे ४८ होते, ते शेवटी १०० झाले. मनुष्यतास वाचले म्हणणारे ११ वरून ८८ वर गेले. फुकट जाणारा माल घटला म्हणणारे ११ वरून ५५ वर. आणि गाऱ्हाणी निदान चतुर्थांशाने कमी झाली असे शेवटी १०० पैकी १०० कारखाने सांगू लागले.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला आमची ती फाईल आठवली. शंभरपैकी शंभर म्हटले की माझ्या मनात शंका येते.

पहिली गोष्ट, हे सांगणारे कोण? कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांनी स्वतःच ही योजना आपल्याकडे आणली होती. आपण लावलेल्या झाडाला फळ आले नाही असे सहसा कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत सगळीकडेच उत्पादन वाढत होते, वर्ग झाला असो वा नसो. लिबर्टी जहाजांचे उदाहरण घ्या. १९४१ साली पाण्यात उतरलेल्या पहिल्या जहाजाला, ‘पॅट्रिक हेन्री’ला, २४४ दिवस लागले होते, पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये तर एक जहाज जाहिरातीसाठी म्हणून पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडले. ह्यात शिकवणुकीचा वाटा किती, रिव्हेटच्या जागी आलेल्या वेल्डिंगचा किती, सुटे भाग आधी तयार करून जोडण्याचा किती, आणि तेच काम पुन्हा पुन्हा केल्याने बसणाऱ्या हाताचा किती? टी. पी. राइट ह्या विमानउद्योगातल्या इंजिनियराने १९३६ सालीच दाखवले होते की एकूण विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानाला लागणारे श्रम साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. हात बसतो तो असा. वर्ग न घेताही बसतो. तेव्हा वर्गानंतर उत्पादन वाढले म्हणजे वर्गामुळे वाढले असे म्हणणे, हे कोंबडा आरवला म्हणून उजाडले असे म्हणण्यासारखे आहे.

आणि गाऱ्हाण्यांचे काय? इथे मला माझ्या धंद्याच्या अनुभवावरून बोलता येते. गाऱ्हाणी दोन कारणांनी कमी होतात. एक, ती मिटली म्हणून. दुसरे, ती सांगून उपयोग नाही असे माणसाला वाटले म्हणून. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. युद्धकाळात अमेरिकेतल्या मोठ्या कामगार संघटनांनी संप न करण्याचे वचन दिले होते, आणि तंटे सरकारी युद्ध-श्रम-मंडळापुढे जात. आता तारखा पाहा. सप्टेंबर १९४५ मध्ये शंभर टक्के कारखान्यांत गाऱ्हाणी घटल्याची नोंद झाली. २१ नोव्हेंबरला जनरल मोटर्सचा संप सुरू झाला, तो ११३ दिवस चालला. जानेवारी १९४६ मध्ये पोलादाच्या कारखान्यांतले साडेसात लाख कामगार बाहेर पडले. त्या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ४६ लाख कामगार संपात उतरले. तिथल्या इतिहासात अशी लाट पूर्वी आली नव्हती. ज्या कारखान्यांनी गाऱ्हाणी घटल्याचे कळवले त्यांतच संप झाले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा लागेल. युद्धानंतर जादा पाळ्या बंद झाल्या, महागाई वाढली, ही कारणे होतीच. पण गाऱ्हाण्यांच्या वहीवरून कामगाराच्या मनाचा अंदाज घेणाऱ्याने ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत. जनरल मोटर्सच्या संपात वॉल्टर रॉयथर ह्यांची मागणीही ऐकण्याजोगी होती : गाड्यांच्या किमती न वाढवता तीस टक्के वाढ द्या, आणि देणे परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. मोजमापाचा झगडा म्हणतात तो हाच.

युद्धानंतर अमेरिकेत ही सेवा बंद झाली. जपानने मात्र ती उचलली आणि रुजवली, टोयोटाच्या कारखान्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या तज्ज्ञांमार्फत १९५० नंतरच्या दशकात ती आपल्याकडेही आली. त्याचा विस्तार आज करत नाही.

मोजण्याच्या इतिहासातले पुढचे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकागोला इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीची फोरमनांसाठी एक मध्यवर्ती शाळा होती. दोन आठवडे फोरमनांना तिथे नेत, आणि माणसांशी आपुलकीने कसे वागावे ते शिकवीत. एडविन फ्लीशमन ह्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या तरुण संशोधकाने ह्या शाळेचा परिणाम तपासला; त्याचे निष्कर्ष १९५३ ते १९५५ च्या दरम्यान प्रसिद्ध झाले. शाळेच्या शेवटच्या दिवशी फोरमनांना प्रश्न विचारले तर उत्तरे पाहून समाधान वाटे : माणसाचा विचार करावा, त्याचे ऐकून घ्यावे. पण फ्लीशमन तिथे थांबला नाही. तो कारखान्यात गेला. शाळेत गेलेले आणि न गेलेले फोरमन त्याने शेजारी ठेवले, आणि त्यांच्या हाताखालच्या कामगारांना विचारले की तुमचा फोरमन वागतो कसा. दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन आठवड्यांचे धडे कारखान्याच्या दारात गळून पडले होते. फरक होता तो वेगळ्याच ठिकाणी : ज्या फोरमनचा वरचा साहेब माणुसकीने वागे, त्याच्या हाताखालचा फोरमनही तसा वागे. साहेब नुसता आकड्यामागे लागणारा असेल तर फोरमनही तसाच, मग शाळेत गेलेला असो वा नसो.

खरे पाहता हे कळायला विद्यापीठ लागत नाही. कोणाही हेल्परला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पण हेल्परने सांगितले की ती तक्रार होते आणि प्राध्यापकाने मोजले की ते शास्त्र होते. म्हणून मोजणाऱ्याने हेल्परला विचारले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६२ साली फ्लीशमन आणि हॅरिस ह्यांनी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातल्या ५७ फोरमनांची आणखी एक तपासणी केली. ज्यांच्या वागण्यात आपुलकी कमी आणि कामाचा रेटा जास्त, त्यांच्या खात्यात गाऱ्हाणी जास्त आणि सोडून जाणारी माणसेही जास्त निघाली. म्हणजे गाऱ्हाणी मोजणे चुकीचे नाही. ती कोणाच्या खात्यात किती, आणि माणसे टिकतात किती, हे जोडीने पाहिले तर तो आकडा खरे बोलतो.

ह्याच सुमारास विस्कॉन्सिनच्या डोनल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९-६० मध्ये प्रशिक्षण-संचालकांच्या मासिकात चार लेख लिहिले. प्रशिक्षण चार ठिकाणी मोजा, असे त्यांनी सांगितले : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून शेवटी निष्पन्न काय झाले. ही मांडणी आज जगभर चालते. गंमत अशी की चार ठिकाणांपैकी पहिले मोजणे सर्वांत सोपे आणि स्वस्त, म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढेच मोजतात. आमच्या हातात आलेला कागद हा ह्या चौघांपैकी थोरल्या भावाचा. पुढे १९९७ साली जॉर्ज अ‍ॅलिगर आणि इतरांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वर्ग आवडणे आणि त्यात काही शिकणे ह्यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. कराराच्या त्या बैठकीत मला हे माहीत असते तर! पण माणसाला उत्तर सुचते ते नेहमी जिना उतरल्यावर.

मी स्वतः १९९० च्या सुमारास कामगारशिक्षणाच्या एका वर्गात बसलो होतो. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ साली स्थापन झाले, त्याचे मुख्य ठाणे तेव्हा आपल्या नागपूरला होते. त्यांची रचना चांगली होती : अधिकारी कामगारांतूनच शिक्षक तयार करीत, आणि तो कामगार-शिक्षक आपल्या कारखान्यात वर्ग घेई. आमचा कामगार-शिक्षक टर्नर होता. त्याने आम्हांला पगाराची पावती वाचायला शिकवले. मूळ पगार कोणता, महागाई भत्ता कोणता, फंडात किती कापले. वर्ग संपला तेव्हा त्याने कागद भरून घेतला की नाही, ते मला आठवत नाही. आठवते ते हे की पुढच्या पगाराच्या दिवशी तो माझ्या लेथपाशी आला, खिशातली माझी पावती काढायला लावली आणि म्हणाला, “वाच बघू, फंड बरोबर कापलाय का?” मी चुकलो. त्याने पुन्हा समजावले, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा आला. चार्ल्स अ‍ॅलन किंवा डूली ह्यांची नावेही त्याने ऐकली नसतील. पण चौथी पायरी त्याला ठाऊक होती.

आता पुन्हा त्या शंभरपैकी शंभरकडे येऊ. मी त्यांच्यावर इतकी शंका घेतली, तेव्हा पुढे काय निघाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मीही एकतर्फी वकिली केली असे होईल. युद्धानंतर पाऊणशे वर्षांनी निकोला बियांकी आणि मिकेला जॉर्चेली ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जुनी दप्तरे उघडली. टी. डब्ल्यू. आय.साठी अर्ज करणाऱ्या ११,५७५ कंपन्यांची माहिती त्यांनी गोळा केली. शिकवणारे कमी होते, त्यामुळे अर्ज केलेल्या सगळ्यांना प्रशिक्षण मिळू शकले नव्हते. म्हणजे ज्यांना ते हवे होते पण मिळाले नाही, असा एक गट इतिहासानेच बाजूला काढून ठेवला होता. युद्ध दोघांनाही होते, महागाई दोघांनाही होती. फरक एवढाच की एकाला वर्ग मिळाला आणि दुसऱ्याचा अर्ज दप्तरात राहिला. ही तुलना त्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की प्रशिक्षणाचा परिणाम खरा होता, आणि पुढे निदान दहा वर्षे टिकला. डूलीच्या माणसांचे आकडे मला फुगलेले वाटतात ते वाटतातच. पण त्या आकड्यांखाली काही घट्ट होते, हे मला मान्य करावे लागले. फळ होते. किती होते, ते मोजायची रीत मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

ह्याच रीतीने आपल्या दारातही मोजले गेले आहे. तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांत २००८ पासून निक ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही कारखान्यांत सल्लागार पाच महिने बसले. काहींत केवळ महिनाभर पाहणी करून निघून गेले, म्हणजे ते तुलनेसाठी राहिले. शिकवले काय? जमीन साफ ठेवा, सुताच्या गुदामाला चिठ्ठ्या लावा, साचा का बंद पडला ते रोज लिहा, दोष कुठल्या साच्यावर येतात ते टिपा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मला त्यात एक गोष्ट विशेष वाटली. ह्या प्रयोगात शिकवणूक झाली ती मालक आणि व्यवस्थापकांची. साचावाल्याचे हात तेच होते. एरवी माल खराब निघाला की ‘आपला कामगार अडाणी’ हे वाक्य ऐकायला मिळते. काही वर्षांनी तेच लोक पुन्हा तिथे गेले, तेव्हा शिकवलेल्या गोष्टींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. विशेषतः जिथे व्यवस्थापक बदलला होता तिथे.

आणि शेवटचे उदाहरण बेंगळुरूचे. तिथल्या तयार कपड्यांच्या पाच कारखान्यांत २०१३ च्या सुमारास शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी बोलणे, वेळेचे नियोजन, अडचण मांडणे अशा गोष्टींचा वर्ग काढला. जागा कमी, इच्छुक जास्त. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली ती वर्गात, न निघाली ती तुलनेला. ह्याहून स्वच्छ मोजणी मला माहीत नाही. वर्गातल्या बायकांचे काम स्पष्टपणे वाढले. खर्च वजा जाता कारखान्याला त्या खर्चाच्या दुपटीहून अधिक लाभ झाला. आणि बायकांच्या पगारात पडलेली भर? अर्धा टक्का, जेमतेम. अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट ठळकपणे मांडली. कर्कपॅट्रिक ह्यांच्या चौथ्या ठिकाणी ‘निष्पन्न’ लिहिलेले आहे. निष्पन्न कोणाच्या पदरात पडले, हा पाचवा रकाना त्यात नाही. करारात तो आम्ही हाताने आखतो. आमच्या युनियनच्या मागणीपत्रात आता एक कलम असते : प्रशिक्षणानंतर उत्पादनाचा आकडा वाढवायचा असेल तर आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, प्रशिक्षण झालेले खाते आणि न झालेले खाते, असे चारही आकडे समोर ठेवावेत, आणि वाढ खरी निघाली तर तिच्यातला वाटा दरात दिसावा. कधी हे कलम मान्य होते, कधी चर्चेत खोडले जाते.

हे सगळे दुसऱ्यांविषयी झाले. आमचेही एक सांगतो. युनियनतर्फे आम्ही तरुण प्रतिनिधींची शिबिरे घेतो; गाऱ्हाणे लेखी कसे द्यावे, तारीख-वेळ-साक्षीदार कसे नोंदवावेत, हे शिकवतो. वर्षानुवर्षे मी शिबिराच्या शेवटी विचारत असे, “काय रे, कसे वाटले?” आणि मुले म्हणत, “उत्तम झाले, दादा.” त्या अर्थाने माझी फाईलही पाच-पाच गुणांनी भरलेली होती. हे वाचन झाल्यावर मी एकदा शिबिरानंतर तीन महिन्यांनी कचेरीतले गाऱ्हाण्यांचे रजिस्टर काढून बसलो. कोणत्या खात्यातून कशी गाऱ्हाणी आली ते पाहिले. बहुतेक खात्यांतले अर्ज पूर्वीसारखेच : ‘साहेब त्रास देतात, तरी दखल घ्यावी.’ ना तारीख, ना वेळ. नीट लिहिलेले अर्ज एकाच खात्यातून आले होते. तिथले जुने प्रतिनिधी भाऊ शिबिराला आलेच नव्हते. पण ते पोरांना स्वतः अर्ज लिहायला बसवत, आणि चुकला तर फाडून पुन्हा लिहायला लावत. इतर खात्यांतले जुने प्रतिनिधी म्हणत, “तू राहू दे, मी लिहितो.” मी ते रजिस्टर कार्यकारिणीपुढे ठेवले. चर्चा बराच वेळ चालली, आणि काही मंडळी माझ्यावर रागावली. ह्या उन्हाळ्यातले शिबिर आम्ही जुन्या प्रतिनिधींसाठी ठेवले आहे. ऑगस्टमध्ये रजिस्टर पुन्हा काढीन.